बँटिंग आहार

पिष्टमय व गोड पदार्थ तोडून वजन उतरवण्याची जुनी पद्धत. लंडनमध्ये अंत्ययात्रांची व्यवस्था पाहणाऱ्या विल्यम बँटिंग यांनी डॉ. विल्यम हार्वी यांच्या सल्ल्याने पाव, लोणी, दूध, साखर, बिअर, बटाटे सोडले. क्लॅरेट ही लाल वाइन मात्र चालू ठेवली, हे सोयीचेच! १८६३ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तिका काढली. १९७२ मध्ये रॉबर्ट अ‍ॅटकिन्स यांच्या पुस्तकाने जवळपास हाच विचार पुन्हा गाजवला. सुरुवातीला झपाट्याने उतरते ते बरेचसे पाणी. शरीरातील ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या शर्करेचा, साठा संपताना त्यासोबतचे पाणीही जाते. मधुमेहाची काही औषधे चालू असताना पिष्ट एकदम तोडल्यास रक्तशर्करा धोकादायकरीत्या घटू शकते. महाराष्ट्रात गाजलेली डॉ. श्रीकांत जिचकार–डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची पद्धतही पिष्टाने वाढणाऱ्या इन्सुलिनवरच बोट ठेवते, पण दिवसातून दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांत जेवायला सांगते. भाकरी सुटत नाही. ज्वारीच्या मुलखात हीच झेपावी.