टाइपांची शिस्त आणि टाइपांची मोकळीक

छापखान्यांत टाइप म्हणजे शिशाचा खिळा. जावजी दादाजी ह्यांनीं १८६९ सालीं मुंबईंत काढलेल्या निर्णयसागरासारख्या छापखान्यांत प्रत्येक खिळ्याचा खण ठरलेला असे. भलत्या खणांत पडलेला खिळा कंपोझिटरच्या हातीं कळे, नाहीं तर प्रुफांत, नाहीं तर थेट वाचकाच्या डोळ्यांसमोर. संगणकाच्या भाषांतही टाइप आहेत: ही संख्या पूर्णांक, ही दशांशयुक्त, ही अक्षरांची ओळ. व्याकरणांत शब्दांच्या जाती असाव्या, तसाच हा प्रकार होय. ह्या जाती आधींच सक्तीनें ठरवाव्या कीं काम चालतांना ठरूं द्याव्या, ह्या वादाचा इतिहास पाहतां आम्हांस वाटतें कीं, चूक कोणाच्या हातीं सांपडावी, हाच त्याचा गाभा आहे.

ह्या इतिहासाचें पहिलें पान मुंबईंतच वाचतां येतें. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर. नरसिंहन ह्यांच्या नेतृत्वाखालीं बांधलेलें यंत्र १९६० सालीं चालूं झालें. १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्यास 'टिफ्रॅक' हें नांव दिलें. त्याच्या स्मृतींत ४० बिटांचे २०४८ शब्द मावत. अशा यंत्रास शब्दांतील बिटांची जात ठाऊक नसते. ती सारी जबाबदारी आज्ञा लिहिणाराच्या डोक्यावर असे.

१९६४ सालीं तेथें सीडीसी ३६०० हें यंत्र आलें, आणि त्याबरोबर फोरट्रान. १९५७ सालच्या ह्या भाषेचा नियम मोठा सोयीचा होता: जात सांगितली नसेल, तर नांवाच्या आद्याक्षरावरून ती ठरे, इंग्रजी आय ते एन हीं अक्षरें पूर्णांकांचीं, बाकीचीं दशांशयुक्त संख्यांचीं. परंतु पूर्णांकांत ७ भागिले २ ह्याचें उत्तर ३ येई. आणि नांवाचें एक अक्षर चुकलें तर यंत्र तक्रार न करितां नवीनच राशि मानी. कागदावर नीटनेटकें, पण खोटें उत्तर उमटे. हें अनुमान बंद करण्याची आज्ञा फोरट्रानच्या मानकांत १९९१ सालीं आली.

मग सक्तीच बरी म्हणावी काय? ४ जून १९९६ रोजीं एरियान ५ हें अग्निबाण उड्डाणानंतर मिनिटाच्या आंत नष्ट झालें. त्याची आज्ञावली एडा ह्या अत्यंत कडक भाषेंतील होती; तरी ६४ बिटांची दशांशसंख्या १६ बिटांच्या पूर्णांकांत मावली नाहीं. जात बरोबर असणें म्हणजे माप बरोबर असणें नव्हे.

उलट पक्षीं, मोकळ्या भाषांनींही पाऊल मागें घेतलें आहे. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या पायथॉनमध्यें २०१५ पासून ऐच्छिक टाइपनिर्देशांची रीतसर सोय झाली. जावास्क्रिप्टवर २०१२ सालीं टाइपस्क्रिप्टचा साज चढला. इकडे रॉबिन मिल्नर ह्यांच्या एमएल भाषेनें १९७० च्या दशकांतच दाखविलें होतें कीं, लिहिणारानें न सांगतांही यंत्र जाती ओळखूं शकतें. कडकपणा म्हणजे लेखनाचा जाच नव्हे.

सारांश, एका हातानें एका सायंकाळीं करावयाच्या हिशेबास मोकळीक शोभते. तेथें लिहिणारा व वाचणारा एकच असतो. परंतु जी आज्ञावली अनेकांनीं अनेक वर्षें चालवावयाची, आणि जिच्यावर परक्यांचे पैसे वा प्राण अवलंबून, तिला शिस्त हवी. आणि शिस्तीच्या जोडीला तपासणीही हवी. निष्णात कंपोझिटर असला म्हणून कोणत्याही चांगल्या छापखान्यानें प्रूफ वाचणें सोडलें नाहीं.