मैनालाच शिक्षा का?

संशोधनाचा विषय शोधायचा म्हटलं की आपण आधी ग्रंथालय आठवतो. जव्हार-मोखाड्यातून मुंबईचं ग्रंथालय गाठायचं तर अख्खा दिवस एसटीतच जातो. म्हणून आज मोबाईलवर बघता येईल असं साधन घेऊ: जुना सिनेमा.

व्ही. शांतारामांचा ‘माणूस’ १९३९ चा, प्रभातचा. गणपत हा पोलीस शिपाई (शाहू मोडक) छाप्याच्या वेळी मैनाला (शांता हुबळीकर) वाचवतो आणि तिच्यात गुंततो. मैना वेश्या आहे, पण बिचारी नाही. ती हसते, टोमणे मारते, गिऱ्हाईक ओळखून वेगवेगळ्या भाषांत गाते. १९३९ मध्ये हे दाखवणं सोपं नव्हतं. पण पुढे बघा. गणपतच्या देवभोळ्या घरात आपल्याला जागा नाही, असं मैनालाच वाटतं. समाजाला तिला हाकलावंही लागत नाही, कलंक तिच्या आत जाऊन बसलेला आहे. शेवटी छळणाऱ्या मामाचा खून तिच्या हातून होतो आणि ती तुरुंगात जाते. गणपत मात्र सावरून कामावर परततो. ‘आयुष्य जगण्यासाठी असतं’ हा चित्रपटाचा संदेश त्याच्या वाट्याला येतो, तिच्या नाही.

मी विज्ञानाचा विद्यार्थी, म्हणून असं म्हणेन: थर्मामीटर ज्याच्या काखेत ठेवाल त्याचाच ताप दाखवतो. इथे तो मैनाच्या नाही, प्रेक्षकाच्या काखेत आहे. तेव्हा अशा सिनेमावरून ‘वेश्या कशा जगत होत्या’ हे लिहू नका. ‘त्यांच्याबद्दल काय पाहणं लोकांना पटत होतं’ हे लिहा.

त्याच शांतारामांचा ‘पिंजरा’ १९७२ चा. त्यामागे ‘द ब्लू एंजल’ हा १९३० चा जर्मन चित्रपट आहे. इथे चंद्रकला तमाशातली कलावंत आहे, वेश्या नव्हे. तरी आदर्श गुरुजी घसरतात ते तिच्यामुळे. फडावर नाचून पोट भरणारी म्हणजे ‘तसलीच’, ही गल्लत प्रेक्षक घरूनच घेऊन येतो. मला ‘पिंजरा’ आवडतो, पण या बाबतीत तो ‘माणूस’च्या मागे आहे.

याच बायका स्वतः बोलल्या तर? सांगलीत १९९६ साली ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली, ती धंदा करणाऱ्या बायकांचीच. त्यांना दया नको होती, हक्क हवे होते. अशी मैना मराठी पडद्यावर शोधून बघा. आणि १९ मे २०२२ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने या बायकांना सन्मानाने वागवायला पोलिसांना बजावलं. छाप्यात सापडलेल्या बायकांची ओळख आणि फोटो माध्यमांत येऊ नयेत, असंही सांगितलं. ‘माणूस’ची गोष्ट छाप्यापासूनच सुरू होते, हे विसरू नका.

आता आपल्याकडचं. दिवाळीनंतर इथून माणसं वीटभट्ट्यांवर भिवंडी-वसईकडे जातात. एकट्या गेलेल्या बाईबद्दल मागे कोणते शब्द वापरले जातात, ते नाव-गाव न लिहिता वहीत टिपून ठेवा. मग ‘माणूस’ पुन्हा लावा आणि त्यातले किती शब्द तिथे ऐकू येतात ते मोजा.