रेघ आधी, रंग मागाहून

शुभेच्छापत्रावर रबरी ठसा उमटवायचा आणि त्याच्या काळ्या रेघांत सावकाश रंग भरायचे, हा छंद आता घरोघरी दिसतो. नव्याने हात घालणाऱ्याला दोन अडचणी हमखास येतात. ओला रंग लागला की रेघ फुटते, नाहीतर रंग रेघेबाहेर पळतो. छापील चित्र रंगवण्याची सहाशे वर्षांची खटपट या दोन अडचणींभोवतीच फिरत आली आहे.

युरोपात पंधराव्या शतकात लाकडी ठशांनी संतांची चित्रं छापली जात. 1423 साल कोरलेलं सेंट ख्रिस्तोफरचं चित्र आज मँचेस्टरच्या जॉन रायलँड्स ग्रंथालयात आहे. त्यातली रेघ ठशाची, रंग हाताचा. न्यूरेंबर्ग, ऑग्सबर्ग या शहरांत असली चित्रं रंगवणाऱ्यांचा वेगळा धंदाच होता. काम उरकावं म्हणून ते कापलेले साचे कागदावर ठेवून वरून ब्रश फिरवत. एक साचा, एक रंग.

पण या कथेतला सगळ्यात मोठा पल्ला मारला तो जपानने. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, हिशिकावा मोरोनोबूची चित्रं नुसत्या काळ्या शाईत छापली जात. ही शाई काजळी आणि सरस यांची. वाळली की पाण्याला दाद देत नाही, त्यामुळे रेघ फुटण्याची अडचण तिथे फारशी नव्हतीच. पुढे या चित्रांवर हाताने रंग चढू लागला. आधी आला शेंदूर, जोडीला थोडा हिरवा आणि पिवळा. 1720च्या आसपास शेंदराच्या जागी करडईच्या फुलांचा नाजूक गुलाबी रंग आला. काही चित्रांत काळ्या शाईत सरस वाढवून लाखेसारखी चमक आणत आणि वरून पितळेची पूड भुरभुरत. मागणी वाढली तसा एकेक कागद हाताने रंगवणं परवडेना. मग 1740च्या दशकात गुलाबी आणि हिरवा हे रंगही ठशानेच छापायला सुरुवात झाली.

इथे दुसरी अडचण उभी राहिली. काळ्या रेघेचा ठसा एक, रंगाचा दुसरा. तोच कागद दोन्ही ठशांवर नेमक्या त्याच जागी पडला नाही, तर गालाचा रंग कानावर जातो. त्यावरचा तोडगा अगदी साधा आहे. प्रत्येक ठशावर एका कोपऱ्यात काटकोनी खाच आणि त्याच कडेला थोड्या अंतरावर सरळ खाच कोरायची. कागदाचा कोपरा पहिल्या खाचेत आणि कड दुसरीवर टेकवली की कागद जागच्या जागी बसतो. या खुणांना केंतो म्हणतात. जपानी कारागीर आजही त्यांच्याच भरवशावर छापतो.

मग आलं 1765. जपानी पंचांगात काही महिने तीस दिवसांचे, काही एकोणतीस दिवसांचे असत आणि त्यांचा क्रम दर वर्षी बदले. पंचांग छापण्याचा हक्क मोजक्याच परवानाधारकांकडे होता. एदोतल्या सधन, रसिक मंडळींनी यातून वाट काढली. बाईच्या किमोनोच्या नक्षीत नाहीतर एखाद्या भांड्यावर महिन्यांचे आकडे लपवायचे आणि अशी चित्रं नववर्षाला एकमेकांना भेट द्यायची. त्या वर्षी या भेटींत चढाओढ लागली आणि पैशाची फिकीर सुटली. सुझुकी हारुनोबूच्या चित्रांसाठी रंगागणिक नवा ठसा कोरला गेला आणि पुरी बहुरंगी छपाई साधली. ठसे चेरीच्या कडक लाकडाचे, कागद तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा, जाड आणि चिवट. कागद दमट करून ठशावर ठेवायचा आणि बांबूच्या पात्याने मढवलेल्या गोल चकतीने पाठीमागून घोटायचा. असं आठ-दहा वेळा केलं तरी कागद फाटत नसे. या चित्रांना निशिकी-ए, म्हणजे किनखापी चित्रं, असं नाव पडलं. लवकरच प्रकाशकांनी तीच रीत बाजारात आणली.

रंग जागेवर बसला, पण टिकेलच याची खात्री नव्हती. करडईचा गुलाबी आणि फुलांपासून केलेला निळा उजेडात विटतो. 1830च्या सुमारास प्रशियन निळा स्वस्त झाला आणि होकुसाईच्या फुजी पर्वताच्या मालिकेत तो खोल निळा उतरला. जुने रंग मुळात किती ताजे होते याचा पुरावा बोस्टनच्या ललितकला संग्रहालयातल्या स्पॉल्डिंग संग्रहात आहे. 1921 साली तो देताना दात्यांनी अटच घातली होती की ही चित्रं कधीही प्रदर्शनात मांडायची नाहीत. उजेड न लागल्याने तिथले रंग आजही टवटवीत आहेत.

एकोणिसाव्या शतकात शिळाछाप आली, तरी हात लगेच सुटला नाही. न्यूयॉर्कची करियर अँड आइव्ह्‌ज ही कंपनी काळी चित्रं छापून घेई. मग लांब टेबलाशी बसलेल्या बायका समोर नमुना ठेवून प्रत्येकी एकेक रंग भरत आणि चित्र पुढे सरकवत. आपल्याकडे राजा रविवर्म्याने 1894 साली मुंबईत छापखाना काढला, तिथे प्रत्येक रंगाला वेगळी शिळा होती. चित्र पुऱ्या रंगांत छापून येई. तरीही घरोघरच्या बायकांनी लक्ष्मी-सरस्वतीच्या लुगड्यांवर जर, टिकल्या, कापडाचे तुकडे चढवलेच. यंत्राने काम पुरं केलं, तरी आपला हात लागल्याशिवाय चित्र घरचं वाटत नाही.

आजच्या रबरी ठशाचा छंद त्याच हौसेतून वाढला आणि जुन्या दोन्ही अडचणी त्याने नव्या सामानाने सोडवल्या. हळू वाळणाऱ्या शाईचा ठसा उमटवून त्यावर बारीक पूड टाकतात, जास्तीची झटकतात आणि गरम हवेने वितळवतात. रेघ उंच होऊन शेताच्या बांधासारखी उभी राहते आणि जलरंग आतच थांबतो. दुसरी वाट अल्कोहोलच्या शाईच्या पेनांची. 1987 साली जपानमध्ये निघालेली कोपिक पेनं मुळात डिझायनरांसाठी होती. त्यांच्या शाईने झेरॉक्सची काळी रेघ विरघळत नाही आणि दोन छटा एकमेकींत सहज मिसळतात.

तेव्हा रंगाची पेटी उघडण्याआधी ठशाची शाई पाहा. रंग पाण्याचा असेल तर शाई पाण्याने न विरघळणारी हवी, पेन अल्कोहोलचं असेल तर अल्कोहोलने न विरघळणारी. कार्डाच्याच कागदाच्या तुकड्यावर एक ठसा उमटवा, पुरता वाळू द्या आणि ओला ब्रश फिरवून बघा. रेघ टिकली तरच खरं कार्ड हातात घ्या.