बाप्तिस्म्याआधी गेलेली बाळं

नरक म्हटलं की आपल्याला आग आणि उकळत्या कढया आठवतात. पण ख्रिस्ती परंपरेत नरकाच्या काठावरचीही एक जागा होती. नाव 'लिंबो'. लॅटिनमध्ये 'लिंबस' म्हणजे काठ, किनार.

प्रश्न असा होता, की बाप्तिस्म्याआधीच बाळ गेलं तर ते कुठे जाणार? पाचव्या शतकात संत ऑगस्टीन म्हणाले, मूळ पाप धुतलेलं नाही, म्हणून नरकच. फक्त शिक्षा सगळ्यात सौम्य. मध्ययुगातल्या पंडितांना हे जड गेलं. त्यांनी लिंबो मांडला. तिथे यातना नाहीत, पण देवाचं दर्शनही नाही.

हा वाद नुसता पोथीत राहिला नाही. कॅथलिक आयर्लंडमध्ये अशा बाळांना चर्चच्या पवित्र दफनभूमीत जागा नसे. बहुतेकदा बापच रात्री गुपचूप पुरून यायचा. पडक्या चर्चजवळ, शेताच्या बांधावर, समुद्रकाठी. खुणेला साधा दगड. या जागांना 'किलीन' म्हणतात. विसाव्या शतकातही हे चालू होतं.

२००७ साली व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र आयोगाने पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या संमतीने सांगितलं, की ही बाळं तरतील अशी आशा ठेवायला भक्कम आधार आहे. आणि लिंबो हा चर्चचा बंधनकारक सिद्धांत कधी नव्हताच.

मला टोचतं ते हेच. जे कधी बंधनकारकच नव्हतं, त्यापायी कितीतरी आयांना लेकराच्या कबरीवर उघडपणे रडताही आलं नाही. परलोकात काय आहे यावर वाद घाला खुशाल. पण त्या वादाची किंमत इथली जिवंत माणसं मोजतात, एवढं लक्षात असू द्या.