ल्युपस : बिदर-कलबुर्गी सीमाभागातून निदानाची लांब वाट

दरवर्षी १० मे हा दिवस जागतिक ल्युपस दिन म्हणून पाळला जातो. कर्नाटकाच्या उत्तर टोकाला असलेल्या बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांत तेव्हा ऐन उन्हाळा असतो आणि पारा चाळीस अंशांच्या पुढे गेलेला असतो. ल्युपस हा असा आजार आहे की ज्यात सूर्यप्रकाशाने केवळ त्वचाच काळवंडत नाही, तर शरीरात शांत असलेली व्याधी पुन्हा चेतवली जाऊ शकते. या दोन जिल्ह्यांतील भालकी, बसवकल्याण, औराद, हुमनाबाद, आळंद आदी तालुक्यांत मराठी बोलणाऱ्यांची मोठी वस्ती आहे. उपजीविका मुख्यत्वे तूर, सोयाबीन आणि उसाच्या शेतीवर. खुरपणीपासून काढणीपर्यंतची बरीच कामे स्त्रिया करतात, आणि हा आजार प्रामुख्याने त्यांच्याच वाट्याला येतो.

गोमंतकीय वाचकाला हा प्रदेश दूरचा वाटेल. परंतु आपल्याकडील बांधकामांवर राबणारी कित्येक कुटुंबे उत्तर कर्नाटकातून, त्यांत कलबुर्गीकडूनही, आलेली असतात. त्यांच्यातील आजारी माणूस बांबोळीच्या गोमेकॉच्या रांगेत आपल्याच शेजारी उभा असतो. शिवाय ल्युपस आपल्याही घरांत आहे. येथे फक्त इस्पितळाचे अंतर कमी आहे.

‘ल्युपस’ हा लॅटिन शब्द, अर्थ लांडगा. चेहऱ्यावरील व्रण लांडग्याने चावा घेतल्यासारखे दिसतात, या जुन्या समजुतीतून तो आला. त्याच नावाचा दुसरा एक विकार, ल्युपस व्हल्गॅरिस, हा प्रत्यक्षात त्वचेचा क्षयरोग आहे. दोहोंचा परस्परांशी संबंध नाही. आपण ज्याविषयी बोलत आहोत त्याचे पूर्ण नाव सिस्टेमिक ल्युपस एरिथेमॅटोसस, संक्षेपाने एसएलई. फ्रेंच वैद्य काझनाव यांनी १८५१ मध्ये त्वचेच्या विकाराला हे नाव दिले, आणि तो त्वचेपुरता मर्यादित नसून शरीराच्या आतील अवयवांनाही ग्रासतो, हे व्हिएन्नाच्या कापोशी यांनी १८७२ मध्ये दाखवून दिले. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये १९४८ साली हारग्रेव्ह्ज व त्यांच्या सहकाऱ्यांना रुग्णांच्या अस्थिमज्जेत एक विलक्षण पेशी दिसली. एका पांढऱ्या पेशीने दुसऱ्या पेशीचे केंद्रक गिळले होते. ल्युपसच्या आधुनिक संशोधनाचा आरंभ तेथून धरला जातो.

शरीराची रोगप्रतिकारशक्ती परक्या जंतूंविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ल्युपसमध्ये ती स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्ध, त्यातील डीएनएविरुद्ध, प्रतिपिंडे बनवू लागते. ही प्रतिपिंडे आणि त्यांनी पकडलेले घटक यांची संयुगे रक्तातून वाहत जाऊन मूत्रपिंडाच्या गाळणीत, सांध्यांत, त्वचेत, हृदयाच्या व फुफ्फुसांच्या आवरणांत अडकतात आणि तेथे दाह निर्माण करतात. उन्हाचा संबंधही येथेच लागतो. अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशी मरतात, त्यांच्या केंद्रकांतील द्रव्य उघडे पडते आणि बिथरलेल्या प्रतिकारशक्तीला नवे लक्ष्य मिळते. दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात, बहुतेक पंधरा ते पंचेचाळीस या वयोगटातील. याचे एक कारण क्ष गुणसूत्रात असावे, असे आता मानले जाते. त्यावरील टीएलआर-७ नामक जनुकात झालेल्या एकाच बदलामुळे एका स्पॅनिश मुलीला बालवयातच ल्युपस झाल्याचे कॅरोला विनुएसा यांच्या गटाने २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडले. स्त्रियांच्या पेशींत दोन क्ष गुणसूत्रे असतात. त्यांपैकी एक निष्क्रिय होत असले, तरी हे जनुक कधी कधी त्या निष्क्रियतेतून निसटते.

वांग की ल्युपस?

पाठ्यपुस्तकांत ल्युपसचे चिन्ह म्हणून दोन्ही गालांवर आणि नाकावर फुलपाखराच्या पंखांसारखा पसरलेला गुलाबी पुरळ दाखवितात. ही चित्रे गोऱ्या कातडीची. सावळ्या चेहऱ्यावर तोच पुरळ काळसर वा जांभळट दिसतो, आणि बाई व तिच्या घरचे त्याला वांग समजून गप्प बसतात. एक साधा फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ल्युपसच्या पुरळात नाकाच्या बाजूने ओठांच्या कोपऱ्याकडे उतरणारी घडी बहुधा मोकळी राहते, आणि उन्हात गेल्यावर पुरळ वाढतो. वांग असल्यास त्यासोबत ताप, सांधेदुखी, केस गळणे, तोंडात न दुखणारे व्रण अशी लक्षणे येत नाहीत.

दुसरी फसगत क्षयरोगाची. रेंगाळणारा ताप, वजन घटणे, छातीत पाणी होणे ही लक्षणे दोन्हींत सारखीच, आणि आपल्या देशात क्षय इतका सर्वत्र आढळतो की डॉक्टरांचा पहिला संशय तिकडेच जातो. ते चुकीचेही नाही. परंतु क्षयाची औषधे सुरू असताना ल्युपस मूत्रपिंड पोखरत राहिला, तर हानी भरून निघत नाही. गुंता एवढ्यावर थांबत नाही. क्षयावरील आयसोनिआझिड या औषधाने काही जणांत ल्युपससदृश विकार उद्भवतो, आणि ल्युपससाठी स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णाला क्षय होण्याचा धोका वाढतो. चेहऱ्यावरील चट्ट्यांमुळे कुष्ठरोगाची शंकाही घेतली जाते, आणि खेड्यात त्या शंकेची किंमत मुलीच्या लग्नाने मोजावी लागते.

निदानासाठी प्रथम एएनए ही रक्तचाचणी करतात. २०१९ च्या युरोपीय-अमेरिकी निकषांनुसार ती किमान १:८० या प्रमाणात सकारात्मक असल्याखेरीज एसएलई म्हणून वर्गीकरण करता येत नाही. मात्र उलट विधान खरे नाही. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुराष्ट्रीय अभ्यासात १:८० या प्रमाणात सुमारे १३ टक्के निरोगी व्यक्तींचीही चाचणी सकारात्मक आली होती. केवळ एएनएच्या कागदावरून घाबरलेल्या आणि महागड्या तपासण्यांच्या चक्रात अडकलेल्या माणसांची संख्या, प्रस्तुत लेखकाच्या समजुतीप्रमाणे, खऱ्या रुग्णांहून बरीच अधिक असेल.

खरे रुग्ण किती? नवी दिल्लीच्या एम्समधील डॉ. ए. एन. मालवीय व सहकाऱ्यांनी दिल्लीनजीकच्या ग्रामीण लोकसंख्येत घरोघर केलेल्या पाहणीतून १९९३ मध्ये एक लाख लोकांमागे ३.२ हा आकडा पुढे आला. तो पाश्चात्य देशांतील आकड्यांच्या मानाने फार कमी आहे. महाराष्ट्रात डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ पासून पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे घरोघर संधिवाताची पाहणी केली. ग्रामीण मराठी माणूस कोणत्या दुखण्याने ग्रस्त आहे, याचे चित्र त्यातून प्रथमच व्यवस्थित मिळाले. पण एका गावाच्या पाहणीत ल्युपससारखा विरळ आजार सापडणे कठीणच. अलीकडे लखनौच्या संजय गांधी संस्थेतील डॉ. अमिता अग्रवाल यांच्या पुढाकाराने ‘इन्स्पायर’ हा बहुकेंद्री प्रकल्प उभा राहिला. निदान नुकतेच झालेल्या दोन हजारांहून अधिक भारतीय रुग्णांची त्यात नोंद आहे, आणि हैदराबादची निम्स ही त्यातील एक संस्था आहे.

हैदराबादची गाडी

हैदराबाद येथे आपोआप येत नाही. १९५६ पर्यंत बिदर आणि गुलबर्गा (आजचे कलबुर्गी) हे हैदराबाद राज्याचेच जिल्हे होते. भाषावार प्रांतरचनेत बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मराठवाड्यात गेले, उरलेल्यापैकी बहुतेक भाग म्हैसूर राज्यात आला. राजधानी बदलून बंगळूर झाली, पण आजारी माणसाचा रस्ता बदलला नाही. बिदरहून हैदराबाद साधारण १४० किलोमीटर, बंगळूर त्याच्या चौपटीहून अधिक. कलबुर्गीचा रुग्ण सोलापूरलाही जातो. मराठी, कन्नड, दखनी आणि तेलुगू या चार भाषा थोड्याथोड्या येणारा हा माणूस कोठेही आपले दुखणे सांगू शकतो, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू.

दोन्ही जिल्ह्यांत वैद्यकीय महाविद्यालये नाहीत असे नव्हे. कलबुर्गीचे महादेवप्पा रामपुरे महाविद्यालय १९६३ पासूनचे, बिदरची ब्रिम्स २००७ पासूनची. ९८ व्या घटनादुरुस्तीने लागू झालेल्या कलम ३७१ (जे) मुळे या भागातील विद्यार्थ्यांना वैद्यकीय प्रवेशांत राखीव जागाही मिळतात. परंतु संधिवात व प्रतिकारशक्तीच्या विकारांचे तज्ज्ञ देशभर अजून मोजकेच असून ते महानगरांत एकवटलेले आहेत. आणि ल्युपस हा एकदा शस्त्रक्रिया करून घरी परतण्याचा आजार नाही. दर काही महिन्यांनी तपासणी, लघवीची चाचणी आणि रोजची गोळी हे सारे आयुष्यभर चालते. प्रत्येक फेरीला दोन दिवसांची मजुरी बुडते, आणि बाई एकटी जाणार नसल्याने ती दोघांची बुडते.

येथे शासकीय योजनांचा प्रश्न येतो. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने सीमाभागातील ८६५ गावांतील मराठी भाषकांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा लाभ देण्याचे ठरविले, तेव्हा कर्नाटकाचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी त्यास विरोध केला. कर्नाटकाची स्वतःची आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजना २०१८ पासून आहे. वादाची राजकीय बाजू सर्वांना ठाऊक आहे. ल्युपसच्या रुग्णाला मात्र दोन्ही योजनांत एक समान उणीव जाणवते. त्या मुख्यतः इस्पितळात दाखल झालेल्या माणसाचा खर्च उचलतात. मूत्रपिंड निकामी होऊन डायलिसिसची वेळ आली की योजना धावून येते. ती वेळ येऊ नये म्हणून रोज घ्यायच्या गोळीसाठी बहुधा येत नाही.

ती गोळी म्हणजे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. मूळ हिवतापावरील औषधांच्या कुळातील, १९५० च्या दशकापासून ल्युपसमध्ये वापरात असलेली आणि तुलनेने स्वस्त. तिचे महत्त्व कॅनडातील एका छोट्या पण काटेकोर प्रयोगाने १९९१ मध्ये सिद्ध केले. आजार स्थिर असलेल्या ४७ रुग्णांपैकी काहींची गोळी चालू ठेवली, काहींना तिच्याजागी निष्प्रभ गोळी दिली. दुसऱ्या गटात आजार उसळण्याचा धोका अडीच पट निघाला. ‘आता बरे वाटते आहे’ म्हणून गोळी थांबविणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा ऐकला पाहिजे. मात्रा वजनानुसार ठरते, किलोमागे दिवसाला साधारण ५ मिलिग्रॅम, आणि दीर्घ वापरात दृष्टिपटलाची नियमित तपासणी करावी लागते. मार्च २०२० मध्ये कोविडवर हे औषध उपयोगी पडेल, अशी हवा पसरली, दुकानांतील साठे संपले, निर्यातीवर बंदी आली. कोविडवर ते निरुपयोगी ठरले. मधल्या काळात ज्यांना त्याची खरी गरज होती, ते औषधासाठी वणवण फिरत होते.

सुमारे निम्म्या रुग्णांत आजार केव्हा ना केव्हा मूत्रपिंडाला गाठतो, आणि आरंभी काहीही दुखत नाही. लघवीला फेस, सकाळी डोळ्यांभोवती सूज, वाढलेला रक्तदाब एवढीच चिन्हे. लघवीतील प्रथिने दाखविणारी पट्टी तालुक्याच्या दवाखान्यातही मिळू शकते. उपचारांत भारतीय संशोधनाने दिलेली एक गोष्ट या भागाला विशेष उपयोगाची आहे. चंदीगडच्या पीजीआयमध्ये मूत्रपिंडाच्या ल्युपसच्या १०० रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दर पंधरवड्याला ५०० मिलिग्रॅम याप्रमाणे सहा वेळा दिलेले सायक्लोफॉस्फामाइडचे इंजेक्शन हे मायकोफेनोलेटच्या गोळ्यांइतकेच परिणामकारक आढळले. मात्रा कमी असल्याने जुन्या पद्धतीत असणारा वंध्यत्वाचा धोकाही घटतो. तज्ज्ञाने आखून दिल्यावर ही सहा इंजेक्शने बिदर वा कलबुर्गीच्या जिल्हा इस्पितळात देणे अशक्य नसावे.

स्टेरॉइडविषयी दोन्ही टोकांची वागणूक दिसते. गावातील डॉक्टरच्या एका इंजेक्शनने सांधे मोकळे होतात, म्हणून तेच वारंवार घेतले जाते. किंवा तोंड सुजले, अंग सुटले म्हणून गोळ्या एका दिवसात बंद केल्या जातात. पहिल्याने आजार झाकला जातो आणि जंतुसंसर्ग बळावतो. भारतीय रुग्णांच्या मृत्यूंमागे संसर्ग हे एक प्रमुख कारण आहे. दुसऱ्याने जिवावर बेतू शकते. शक्य तेथे प्रेडनिसोलोनची मात्रा दिवसाला ५ मिलिग्रॅमपर्यंत किंवा त्याहून खाली आणावी, असे २०२३ च्या युरोपीय शिफारशी सांगतात. ती हळूहळू उतरवायची असते.

उन्हाचे काय करावे, हा प्रश्न ग्रंथांत सोपा आहे. सनस्क्रीन लावा, दुपारी बाहेर पडू नका. तुरीच्या रानात त्याचा अर्थ काय? तेथील बायका साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा सदरा घालून, डोक्याला पदर वा टॉवेल बांधून काम करतात. त्यामागे वैद्यकीय सल्ला नाही, तरी तो पोशाख ल्युपससाठी उत्तमच. पहाटे लवकर कामाला लागून अकराच्या आत परतणे जमले, तर आणखी चांगले. ढगाळ दिवशीही अतिनील किरण पोहोचतात, त्यामुळे पावसाळी खुरपणीतही सदरा सोडू नये. मात्र थकवा कपड्याने झाकता येत नाही. या आजारातील थकवा विश्रांतीने जात नाही आणि तो दिसतही नाही, म्हणून सुनेला कामचुकार ठरविणे सोपे जाते.

लग्न आणि मूल यांबाबत गैरसमज फार. ल्युपस संसर्गजन्य नाही. आजार किमान सहा महिने शांत असेल, मूत्रपिंड ठीक असेल आणि औषधे आधीच योग्य ती बदलून घेतली असतील, तर बहुतेक स्त्रियांचे बाळंतपण सुखरूप होते. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन गर्भारपणात चालू ठेवायचे असते; मायकोफेनोलेट आधीच थांबवावे लागते. वारंवार गर्भपात होत असतील तर अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांची तपासणी अवश्य करावी, कारण त्यावर ॲस्पिरिन व हेपॅरिन हा उपाय आहे. तो न शोधता बाईला दोष देणारी घरे सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत.

१९५० च्या दशकात निदानानंतर चार-पाच वर्षांत निम्मे रुग्ण दगावत. आज प्रगत देशांत पाच वर्षांनंतर नव्वद टक्क्यांहून अधिक जिवंत असतात. २०११ मध्ये बेलिमुमॅब आणि २०२१ मध्ये अनिफ्रोलुमॅब या नव्या औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली. जर्मनीतील एर्लांगेन येथे गेओर्ग शेट यांच्या गटाने रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून परत देण्याची कार-टी पद्धत ल्युपसमध्ये वापरली. २०२२ मध्ये वर्णिलेले पाचही रुग्ण औषधांविना आजारमुक्त स्थितीत होते. आयआयटी मुंबई आणि टाटा रुग्णालयाच्या सहकार्यातून घडलेल्या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. ती अद्याप रक्ताच्या कर्करोगासाठी आहे, आणि खर्च लाखांच्या घरात.

बिदर-कलबुर्गी लोहमार्ग २०१७ च्या ऑक्टोबरात सुरू झाला. हैदराबादला निघणाऱ्या रुग्णाने सोबत तीन गोष्टी न्याव्यात : सर्व जुन्या औषधांच्या चिठ्ठ्या, मागील लघवी-रक्ताचे अहवाल, आणि पुरळ उठलेला असतानाचे मोबाइलवर काढलेले छायाचित्र. तपासणीच्या दिवशी पुरळ बहुधा मावळलेला असतो.