कोबुर्गचा मूर

जर्मनीतील बव्हेरिया राज्याच्या उत्तर टोकाला कोबुर्ग हे एक जुने नगर आहे. त्याचे मानचिन्ह साधे आहे : सोनेरी ढाल आणि तिच्यावर कानात कुंडल घातलेल्या कृष्णवर्णीय पुरुषाचे मस्तक. नगरवासी त्याला ‘कोबुर्गचा मूर’ म्हणतात. रस्त्यावरील गटारांच्या लोखंडी झाकणांवरही तो दिसतो.

हे मस्तक नगराचे संरक्षक संत मॉरित्स यांचे. आख्यायिकेनुसार ते इजिप्तमधील थीब्जच्या ख्रिस्ती सैनिकांचे नायक होते. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस, आज स्वित्झर्लंडमध्ये असलेल्या एका ठिकाणी, सम्राटाची धर्मविरोधी आज्ञा नाकारल्यामुळे त्यांना सैनिकांसह ठार करण्यात आले. म्हणजे या चिन्हाच्या मुळाशी एक नकार आहे.

हा नकार नव्या सत्तेला मानवणारा नव्हता. काळा चेहरा तर त्याहून नव्हता. 1929 साली कोबुर्गच्या नगरपरिषदेत नाझी पक्षाला स्पष्ट बहुमत मिळाले. जर्मनीत असे घडलेले हे पहिले नगर. 1934 साली मूर हटवण्यात आला आणि त्याच्या जागी मुठीवर नाझी स्वस्तिक असलेली तलवार आली. 1945 साली राजवट कोसळली आणि मूर परतला.

कथा इथे संपली असती तर ती सुबोध ठरली असती. परंतु 2020 साली हे चिन्ह वर्णद्वेषी असल्याने बदलावे, अशी मागणी करणारी याचिका पुढे आली आणि तिच्या विरोधात चिन्ह राखण्यासाठी दुसरी. समर्थकांचा युक्तिवाद असा की, हा अपमान नव्हे, हा सन्मान आहे. ज्याला नाझींनी हद्दपार केले, तो वर्णद्वेषाचे प्रतीक कसा असेल? चिन्ह कायम राहिले.

युक्तिवाद वजनदार आहे, पण पुरेसा नाही. नाझींनी एखादी गोष्ट नाकारली, एवढ्याने ती निर्दोष ठरत नाही. इथे माग्डेबुर्गच्या कॅथीड्रलमधील, साधारण 1240 च्या सुमाराचे मॉरित्स यांचे शिल्प आठवावे. आफ्रिकी चेहऱ्याचे हे योद्धे चिलखत घालून उभे आहेत. ते शिल्प पाहणाऱ्याला आधी एक माणूस दिसतो. कोबुर्गच्या ढालीवर मात्र धड नाही, चिलखत नाही, नाव नाही. उरले आहेत ते जाड ओठ आणि कुंडल. संत ओळखायचा तर कथा आधी ठाऊक हवी. ती ठाऊक नसलेल्या वाटसरूला दिसतो तो केवळ ‘मूर’, एक साचा.

साहित्याच्या अभ्यासकांना ही अडचण परकी नाही. संहितेचा उगम सांगितला म्हणजे तिचा अर्थ सांगून झाला, असे आपण वर्गात अनेकदा गृहीत धरतो. उगम चिन्हाचा बचाव करू शकतो. परंतु रूपाची जबाबदारी तो घेऊ शकत नाही. चिन्ह टिकवायचे असेल, तर केवळ ढाल जपून भागणार नाही. सम्राटाला नाही म्हणणाऱ्या त्या माणसाची कथाही, प्रत्येक पिढीत, सांगावी लागेल.