दुचाकीचे मागील मडगार्ड घरी बसवताना

सातारा आणि सांगली या शेजारच्या जिल्ह्यांत पावसाची तऱ्हा तालुक्यागणिक बदलते. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. माण, आटपाडी, जत या तालुक्यांत मात्र तो सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपासच असतो. मातीही वेगवेगळी. कास, महाबळेश्वरकडे जांभ्याची तांबडी माती, तर वाळवा, पलूस, मिरज या कृष्णाकाठच्या भागात काळी, चिकट माती. साहजिकच यवतेश्वरच्या घाटात चालणाऱ्या आणि सांगलीच्या ऊसपट्ट्यात चालणाऱ्या मोटारसायकलच्या मागील मडगार्डची कसोटीही निराळी लागते. मोडलेले मडगार्ड बदलणे हे घरी तास-दोन तासांत होण्याजोगे काम आहे. ते नेटके झाले की नाही, हे मात्र दिसण्यावरून नव्हे, तर चाक आणि मडगार्ड यांच्यातील अंतरावरून ठरते.

मडगार्ड कशासाठी?

मागील चाकाने उडवलेले पाणी, खडी आणि चिखल मागे बसलेल्या व्यक्तीच्या पाठीवर, शॉक ॲब्सॉर्बरवर आणि मागून येणाऱ्या वाहनचालकाच्या डोळ्यांवर जाऊ नयेत, हे मडगार्डचे मुख्य काम. राजदूत, येझदी यांच्या काळी ते जाड पत्र्याचे आणि चाकावर दूरवर उतरणारे असे. आता ते बहुधा प्लास्टिकचे असते आणि शोभेसाठी ते कापून आखूड करण्याची हौसही दिसते. अशा वेळी त्यासोबत साडी गार्डही काढले जाते. ते अधिक धोक्याचे आहे. साडीचा पदर किंवा ओढणी चाकात अडकू नये म्हणून मागील चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षक साधन केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार बंधनकारक आहे.

निवड

मडगार्ड दोन प्रकारचे असते. पहिले गाडीच्या सांगाड्याला जोडलेले. गाडी खड्ड्यात आदळली की चाक वर येते आणि अंतर कमी होते. दुसरे, छोटे मडगार्ड चाक धरणाऱ्या स्विंग आर्मला जोडलेले असते. ते चाकासोबतच वरखाली होत असल्याने अंतर कायम राहते. घाटातील पावसात शॉक ॲब्सॉर्बर स्वच्छ ठेवण्यास हा दुसरा प्रकार उपयोगी पडतो. परंतु काळ्या रानातून जाणाऱ्याने चाकाला फार चिकटून असणारे मडगार्ड टाळावे. चिखल त्यात ठासून बसतो, वाळून घट्ट होतो आणि चाकालाच ब्रेक लागतो. गळीत हंगामात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातील माती डांबरी रस्त्यावर येते. त्यावर अवकाळी सर आली, तर हाच प्रसंग पक्क्या रस्त्यावरही ओढवू शकतो.

बसवण्याची कृती

गाडी सपाट जागी डबल स्टँडवर लावावी आणि इंजिन व सायलेन्सर थंड होऊ द्यावेत. मागचा दिवा व इंडिकेटर यांच्या तारा सोडवायच्या असतील, तर आधी बॅटरीची ऋण बाजू काढावी. तारांचे मोबाइलवर छायाचित्र घेऊन ठेवल्यास पुढचा गोंधळ टळतो. गंजलेल्या बोल्टवर गंज सोडवणारे तेल टाकून थोडा वेळ थांबावे. जोर केल्यास बोल्टचे डोके तुटते.

जुन्या मडगार्डच्या छिद्रांतील रबरी बुश आणि त्यांतील धातूच्या नळ्या जपून काढाव्यात व नव्यात बसवाव्यात. त्या नसतील तर बोल्ट आवळताना प्लास्टिक दबते आणि काही दिवसांत तडकते. नवे मडगार्ड जागेवर धरून सर्व बोल्ट आधी हातानेच फिरवावेत. एक बोल्ट पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेल्यास शेवटचे छिद्र जुळत नाही. मडगार्ड चाकाच्या बरोबर मधोमध आल्यावरच बोल्ट आळीपाळीने आवळावेत. आरपार जाणाऱ्या बोल्टचे गोल डोके चाकाच्या बाजूला आणि नट बाहेर ठेवावा, म्हणजे बोल्टचे टोक टायरला कापणार नाही. नायलॉनची कडी असलेला नट कंपनाने सहसा ढिला होत नाही. तारा टायरपासून दूर बांधाव्यात. काढलेले साडी गार्ड पूर्ववत बसवल्याशिवाय काम संपले असे समजू नये.

तपासणी

चाक हाताने फिरवून कुठे घासत नाही ना, हे पाहावे. नंतर दोन प्रौढांना गाडीवर बसवून अंतर पुन्हा पाहावे. या भाराखालीही बोटे सहज फिरतील एवढी जागा हवी, कारण खड्ड्यात चाक याहून वर येते. साखळी ताणताना चाक किंचित मागे सरकते आणि जाड टायर घातल्यास अंतर घटते; म्हणून या दोन्ही कामांनंतर तपासणी पुन्हा करावी. ब्रेकचा दिवा, इंडिकेटर आणि मागील लाल परावर्तक यांचीही खात्री करून घ्यावी.

नंबर प्लेटची अडचण

एमएच-१० असो, एमएच-११ असो वा कऱ्हाडची एमएच-५०, उच्च सुरक्षा नंबर प्लेट मागील बाजूस पुन्हा न वापरता येणाऱ्या कुलपांनी बसवलेली असते. शक्य असल्यास प्लेट तिच्या पट्टीसह सोडवावी. कुलूप तोडावे लागत असेल, तर ते काम अधिकृत केंद्रावरच करून घ्यावे.

पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा एकदा पाहावेत. सुटलेले मडगार्ड धावत्या चाकात अडकले, तर चाक जागीच जाम होऊ शकते. पावसाळ्यात दर आठवड्याला आतील चिखल ओला असतानाच पाण्याने धुऊन काढावा. वाळल्यावर तो खरवडण्याचे श्रम वाचतात आणि मडगार्डही टिकते.